जोडीची हजेरी

२ डिसेंबर

प्रिय वहिनी,

पत्राची सुरुवात खुशालीनं करायची असते, म्हणून आधी तुझ्या लेकीची सांगते. टकळी मजेत आहे. जेवते, झोपते आणि मधल्या वेळात बोलते. काल दूधवाल्याला तिनं दारात उभं करून तुझ्या पोटातल्या बाळासाठी नावं सुचवायला लावली. तो बिचारा बादली खाली ठेवून विचार करत होता.

माझी खुशाली पुढचं वाचून तूच ठरव. सहावीचं निवासी शिबिर यंदा माझ्या गळ्यात पडलं आहे. दरवर्षी जाणाऱ्या चित्रकलेच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर आहेत. मोठ्या बाईंनी खोलीत बोलावलं, खुर्चीवर बसवलं, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. एरवी त्या आम्हाला उभं ठेवूनच बोलतात. डोंगरावर तीन दिवस राहायचं. मुलगे खेळाच्या सरांकडे, मुली माझ्याकडे. त्या म्हणाल्या, हे तीन दिवस तुम्ही त्यांच्या शिक्षिका नाही, आई आहात. मी विचारलं, मग झोपायचं कधी? त्या खूप हसल्या. मी विनोद केला नव्हता गं.

पालकांनी पाठवलेल्या सूचना वाचत बसले आहे. एकीला दिवा लागतो, एकीला मिट्ट काळोख. दोघी एकाच खोलीत. एकीची आई लिहिते, तिला पाण्याच्या आसपास फिरकू देऊ नका. दुसरीचे वडील लिहितात, तिची पाण्याची भीती घालवा. एकीची गादी अजून कधीकधी ओली होते. ती बदलायची, पण कुणाला कळू द्यायचं नाही, तिला स्वतःलासुद्धा शक्यतो नाही. आणि एका आईनं नुसतं एवढंच लिहिलंय, 'एकुलती आहे.' त्या चिठ्ठीपाशी मी अडकून बसले.

काही दुखलं-खुपलं की डॉक्टर व्हायचं, भांडण झालं की न्यायाधीश, रडं आलं की आई, आणि काही बरंवाईट झालं की आरोपी. वर्गात मला कधी भीती वाटली नाही. वर्गाला दार असतं.

आमच्या शाळेची एक जुनी पद्धत आहे, तिचाच काय तो आधार. सहलीला मुलांच्या जोड्या लावतात आणि हजेरी जोडीनं होते. मी एकीला हाक मारायची, पण 'आहे' म्हणायचं ते तिच्या जोडीदारणीनं. स्वतःबद्दल कुणी बोलायचं नाही. स्वतःची हजेरी काय, कुणी झाडामागूनही ओरडून देईल. शेजारणीची द्यायची तर तिच्याकडे बघावं लागतं. इतक्या वर्षांत एक मूल हरवलं नाही, असं सगळे सांगतात. मीही सांगते.

आता तुझ्या संमतीचा प्रश्न. टकळीही सहावीतच, तिला यायचंच आहे. मला मात्र धाकधूक वाटते. शिक्षकांच्या खोलीत आत्ताच बोलणं सुरू झालंय, 'हिची काय चंगळ आहे, आत्याच बरोबर.' तू नाही म्हणालीस तर मी तिची समजूत घालीन. खरं सांगू? तू नाहीच म्हण.

तुझी,
बाई (तूच ठेवलेलं नाव)

८ डिसेंबर

आमच्या बाई,

मी हो म्हणते आहे. रागावू नका.

तुम्ही फ्रॉकमध्ये असताना मी या घरात आले. तेव्हाही तुम्ही आगपेटीतली काडी ओढायच्या आधी बोटावर फुंकर घालत होता. भाजायच्या आधीच कळवळायची तुमची सवय. अहो, पोरी तीन दिवस डोंगरावर जाणार, उड्या मारणार, उपाशी असल्यासारख्या जेवणार आणि उवा घेऊन परत येणार. याहून जास्त काय होतं?

असं मी तुमच्या दादांना म्हणाले. ते घाबरट आहेत, तुमच्यासारखेच. खरं मला विचाराल तर काल हातमोजे शिवताना दोन वेळा सुई बोटात गेली. (कारखान्याचे हातमोजे शिवायचं काम अजून घेते मी, बसून करता येतं.) डॉक्टरांनी सातव्या महिन्यात प्रवास नको म्हणून बजावलंय, म्हणजे इथून हलणं नाही. कारखान्याच्या ऑफिसातल्या फोनवर बोलावं तर कारकुनासकट सगळे पंखा बंद करून ऐकतात. म्हणून सगळं कागदावरच.

टकळीला वेगळं पत्र लिहिलंय. सांगितलंय की तिथे आत्याच्या जिवाला घोर लावायचा नाही. आत्याला एकदा हाक मारायला लागली तर लागली, दुसऱ्यांदा मारायला लावायची नाही. तुझ्यामुळे आत्याला कुणाचं बोलणं खावं लागलं असं मला कानावर येता कामा नये. ती शहाणी आहे. ऐकेल.

आणि बाई, सगळ्यांच्या आई व्हा, पण माझ्या पोरीवर एक डोळा जास्तीचा ठेवा. हे शाळेच्या नियमात बसत नाही ते मला ठाऊक आहे. मी शाळा नाही.

तुमची वहिनी

१८ डिसेंबर, शिबिरावरून

प्रिय वहिनी,

मुली दुपारच्या पडल्या आहेत. पडल्या आहेत म्हणजे डोळे मिटून कुजबुजत आहेत. मी दाराशी खुर्ची टाकून बसले आहे, म्हणजे कुणी बाहेर जाईल तर माझ्या पायांवरून जाईल. लांबच लांब खोली, दोन्हीकडे लोखंडी खाटा, वर पत्रा. झाडाचं पान जरी पडलं तरी कुणीतरी छपरावर चालतंय असं वाटतं.

काल आल्यापासून मी सारखी मोजते आहे. जेवताना, दात घासताना, गाणं म्हणताना. गाणं म्हणताना मोजलं की शब्द चुकतात आणि मुली हसतात. रात्री एकीला दिवा हवा होता, एकीला काळोख. शेवटी मी दिव्यावर टॉवेल टाकला आणि टॉवेल पेटेल म्हणून जागी राहिले.

एक मुलगी आहे, वर्गात सगळ्यांत लहानखुरी, सगळे तिला पिटुकली म्हणतात. जाड चष्मा आणि दमा. 'एकुलती आहे' लिहिणारी आई तिचीच. बस सुटायच्या आधी त्या बाईंनी माझं मनगट धरून मला बाजूला नेलं, दम्याचा पंप कसा हलवायचा, कसा दाबायचा ते दाखवलं आणि मग माझ्याकडून करून घेतलं. मी परीक्षेला बसल्यासारखी करून दाखवलं. सोडताना त्यांचा हात माझ्या मनगटावरून निघेना. आणि आज सकाळी फिरायला निघालो तर पोरगी तो पंप खाटेवरच विसरलेली. वहिनी, माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. सगळ्यांच्या देखत तिला बोलले. म्हटलं, पुन्हा विसरलीस तर खोलीवर बसवून ठेवीन. तिनं नुसता चष्मा पुसला.

टकळी छान आहे. तिची जोडी मी मुद्दाम एका न बोलणाऱ्या मुलीशी लावली आहे. म्हटलं, हिच्या बोलण्याला कुठेतरी बांध हवा. तिच्याकडे मात्र मी बघत नाही. काल जेवणाच्या वेळी तिनं ताटली पुढे केली तर मी आधी तिच्या दोन्ही बाजूच्यांना वाढलं. शेवटी खेळाचे सर हसून म्हणाले, "बाई, ती तुमची भाची आहे होय? मला वाटलं जुनं वैर आहे." पण 'आत्याच बरोबर' म्हणणाऱ्यांची तोंडं बंद करायची तर हाच मार्ग आहे. तू मागितलेला जास्तीचा डोळा मी ठेवला आहे, फक्त तो मिटलेला आहे.

आता संध्याकाळच्या चहाआधी वरच्या झऱ्यापर्यंत जाऊन यायचंय. आभाळ स्वच्छ आहे. उद्याचा दिवस गेला की संपलं.

तुझी बाई

२१ डिसेंबर

प्रिय वहिनी,

फोनवर फक्त 'टकळी सुखरूप आहे' एवढंच बोलता आलं, कारण माझ्यामागे रांग होती आणि तुझ्यामागे कारकून. तेच पुन्हा लिहिते. तिच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही. आता बाकीचं वाच, पण बसून वाच, आणि दादा जवळ असताना वाच.

मी दवाखान्याच्या व्हरांड्यात आहे. समोर अतिदक्षता विभागाचं दार आहे. ते उघडलं की एक थंड हवा येते आणि बंद होताना चुंबकासारखं चिकटतं. आत पिटुकली आहे.

त्या संध्याकाळी आम्ही झऱ्यावरून उतरत होतो आणि बघता बघता धुकं आलं. मी मुलींना भराभर खाली आणलं. शिबिराच्या फाटकाशी जोडीची हजेरी घेतली. प्रत्येक हाकेला 'आहे' आलं. वहिनी, प्रत्येक हाकेला. मी खेळाच्या सरांना म्हटलंसुद्धा, सुटलो बाबा. मग जेवणघरात चहाची रांग लावली. सगळ्यांना कप देऊन झाले आणि एक कप उरला.

त्या कपाकडे मी किती वेळ बघत होते कोण जाणे. आधी वाटलं, स्वयंपाकीणबाईंनी जास्त भरला असेल. माणूस कशाकशाला लटकतं बघ.

पिटुकली पंप झऱ्यावरच्या दगडावर ठेवून आली होती. खाली उतरल्यावर तिच्या लक्षात आलं. सकाळीच मी सगळ्यांपुढे बोललेली. मला सांगायची तिची छाती झाली नाही. 'आलेच, तू आहे म्हण' असं जोडीदारणीला सांगून ती धुक्यात परत वर गेली. आणि जोडीदारीण 'आहे' म्हणाली. मी मान वर करून बघितलं नाही. आवाज खणखणीत होता.

खेळाचे सर आणि शिबिराचा राखणदार कंदील घेऊन गेले. मी बाकीच्यांना सोडून जाऊ शकत नव्हते, हा नियम आहे. मी मुलींना गाणं म्हणायला लावलं. त्या म्हणत होत्या आणि मी दाराकडे बघत होते. तिला आणलं तेव्हा अंधार पडला होता. वाट सोडून उतारावर घसरली होती, पाय मोडलेला, ओठ निळे. पंप सापडलाच नव्हता तिला. श्वासाचा जो आवाज येत होता तो मी तुला लिहीत नाही, तुझ्या अवस्थेत नको.

डॉक्टर म्हणतात, थंडी आणि दमा दोन्ही मिळून छाती भरली आहे. अजून काही सांगता येत नाही. तिची आई समोरच्या बाकावर आहे. माझ्याशी एक शब्द बोललेल्या नाहीत. मी घरी जात नाही आणि त्या मला जा म्हणत नाहीत.

टकळीला शेजारच्या काकूंकडे ठेवलंय. तू काळजी करू नकोस.

बाई

२६ डिसेंबर

आमच्या बाई,

पत्र वाचलं त्या दिवशी मी जागची हलले नाही. बाळसुद्धा दिवसभर हललं नाही, मग दादांनी मला गार पाणी पाजलं तेव्हा हललं. आम्ही दोघं रोज त्या पोरीसाठी जीव मुठीत धरून आहोत. तिला माझा निरोप सांगा, तिच्या आईला सांगा. काय सांगा ते मला सुचत नाही.

तुमचा दोष नाही हो. तुम्ही हजेरी घेतलीत. पद्धत पाळलीत. मला राग येतो तो त्या दुसऱ्या पोरीचा. कोण आहे ती? जोडीदारीण अंधुक धुक्यात एकटी गेलीय हे माहीत असून तोंड वर करून 'आहे' म्हणते? इतकं धडधडीत खोटं? काय शिकवतात घरी? आईबापांना बोलावून समोर उभं करा. तिला शाळेत ठेवू नका, आणि माझ्या पोरीला तिच्या वाऱ्यालाही उभी करू नका.

लिहिताना माझं मलाच कळतंय की हा राग म्हणजे भीतीच आहे. माझी पोरही त्याच धुक्यात होती. तिच्या जोडीदारणीनं असं केलं असतं तर?

टकळीनं पत्राच्या तळाशी आपल्या चार ओळी लिहिल्या नाहीत. कधी चुकत नाही ती. तिला म्हणावं, आई वाट बघते.

तुमची वहिनी

३० डिसेंबर

प्रिय वहिनी,

पिटुकलीच्या घशातली नळी काल काढली. श्वास स्वतः घेते आहे. डॉक्टर अजून 'बघू' म्हणतात, पण मानेनं म्हणत होते ते आता तोंडानं म्हणतात, यालाही मी धरून आहे.

शाळेत चौकशी बसली आहे. मोठ्या बाई, संस्थेचे दोन जण आणि मी. त्यांनी विचारलं, हजेरीला खोटं 'आहे' कोणती मुलगी म्हणाली? मी नाव सांगितलं नाही. म्हटलं, मी बघायला हवं होतं, बघितलं नाही, तेवढंच लिहून घ्या. मोठ्या बाईंनी मला नंतर बाहेर गाठून समजावलं की एका मुलीचा खोडसाळपणा निघाला तर शाळेवरही काही येणार नाही आणि माझ्यावरही. मी नमस्कार करून निघाले. पिटुकलीलाही विचारू नका, तिला बोलायचा त्रास होतो, असं मी सांगितलंय. ती मुळातच न बोलणारी.

पुढच्या महिन्यात निर्णय आहे. नोकरी जाईल असं खेळाच्या सरांना वाटतं. त्यांनी कधी नव्हे ते मला चहा आणून दिला, त्यावरून मीही समजले.

टकळीला जरा सर्दी आहे. घसा बसलाय, म्हणून लिहिलं नाही तिनं. त्या मुलीवर तू रागावू नकोस, वहिनी. लहान आहे. तिच्या मनात वाईट नव्हतं.

बाई

४ जानेवारी

बाई,

घसा बसला म्हणून कुणाला लिहिता येत नाही असं होत नाही.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी शिवायला बसले होते. उठून तुमची सगळी पत्रं पुन्हा काढली. टकळीची जोडी न बोलणाऱ्या मुलीशी लावली असं तुम्ही डोंगरावरून लिहिलं होतं. आता लिहिता, पिटुकली मुळातच न बोलणारी. आणि त्या खोटं बोलणाऱ्या पोरीच्या मनात काय होतं हे तुम्हाला इतकं कसं ठाऊक? ज्या आवाजासाठी तुम्हाला मान वर करावी लागली नाही, तो आवाज माझ्या पोरीचा होता.

हो ना? मला फसवू नका. माझी अवस्था बघून तर मुळीच नाही. बाळंतपण मला करायचंय, तुम्हाला नाही.

'काय शिकवतात घरी' असं मी विचारलं होतं. मीच शिकवलं. आत्याला दुसऱ्यांदा हाक मारायला लावू नकोस, तुझ्यामुळे तिला बोलणं नको. पोरगी शब्दाला जागली. दुसऱ्यांदा हाक मारायला लागू नये म्हणून पहिल्या हाकेलाच 'आहे' म्हणाली.

तुम्ही तिला वाचवायला निघालात. नोकरी घालवाल, नाव सांगणार नाही, आणि तुम्हाला वाटेल, पोरगी वाचली. ती बोलत नाही ना? खरं सांगा, एकही शब्द बोलत नाही ना? मी तिची आई आहे. ती तापात बोलते, झोपेत बोलते, गालगुंड झालं होतं तेव्हा पाटीवर लिहून बोलायची. ती गप्प आहे म्हणजे तिच्या आत काहीतरी मोठं अडकलंय, आणि आपण सगळे शहाणे त्यावर झाकण ठेवून बसलोय. मला त्या झाकणाची भीती वाटते, बाई. शाळेची नाही, चौकशीची नाही.

तिला शाळेतून काढतील तर काढू देत. मी इथे शिकवीन, हातमोजे शिवायला लावीन. पण तिला विचारा. बाई होऊन नका विचारू, आत्या होऊन विचारा. आणि त्या पोरीच्या आईसमोर तिला घेऊन जा. मी आले असते. मी येऊ शकत नाही. माझ्या जागी उभं राहायचं काम तुमचं.

वहिनी

१० जानेवारी

प्रिय वहिनी,

तुझं बरोबर होतं. सगळं. सर्दी खोटी होती. शिबिरावरून आल्यापासून ती बोलली नव्हती. मी समोर ताट ठेवायचे, ती दोन घास खाऊन माझ्याकडे न बघता उठायची. मला वाटायचं, तिला माझा राग येईल अशी भीती वाटते. म्हणून मी जास्तच गोड बोलायचे. त्या गोड बोलण्यानं ती आणखी आक्रसायची.

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं नाही. एवढंच म्हटलं की आईला कळलंय आणि ती रागावलेली नाही. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिचे खांदे हलले, पण आवाज नाही. मग मी म्हटलं, आपण पिटुकलीकडे जाऊ. ती उठली आणि बूट घालू लागली.

पिटुकलीला आता साध्या खोलीत आणलंय. पाय वर टांगलेला, चेहरा चष्म्यापेक्षा लहान. तिची आई खाटेशी उभी होती. रेल्वेच्या तिकीटखिडकीवर काम करतात त्या, दिवसभर लोकांशी बोलायचं काम. पण इतक्या दिवसांत माझ्याशी बोलल्या नव्हत्या. मी तोंड उघडलं, काहीतरी जुळवून आणलं होतं मी, आणि त्याआधीच टकळी बोलली.

म्हणाली, "काकू, हजेरीला मी 'आहे' म्हटलं होतं."

आवाज फाटका निघाला, न वापरल्यासारखा. पिटुकलीनं डोळे मिटून घेतले. तिची आई टकळीकडे बघत राहिली. मला वाटलं, मारणार. मला वाटलं, मारलं तर मध्ये पडायचं की नाही. त्यांनी मारलं नाही. त्यांनी विचारलं, "मग ती येईना, तेव्हा कुणाला सांगितलं का नाहीस?"

वहिनी, तेव्हा टकळीनं माझ्याकडे बघितलं. डोंगरावरून आल्यापासून पहिल्यांदा. आणि मान खाली घालून म्हणाली, "सांगायला गेले होते."

पुढचं मी सांगते, तिला सांगवलं नाही. चहाच्या रांगेत ती रांग सोडून पुढे आली होती. माझी बाही ओढली होती. 'आत्या' म्हणाली होती. मी कप भरत होते. मी वळले नाही. मी म्हटलं, इथे कुणी आत्या नाही, रांगेत जाऊन उभी राहा. ती गेली. शेवटी जाऊन उभी राहिली, आणि तिची पाळी येऊन तिनं सगळं सांगेपर्यंत धुकं खाली उतरलं.

मला हे आठवत नव्हतं असं म्हणता येणार नाही. बाही ओढल्याचं आठवत होतं. कुणी ओढली ते मी आठवू दिलं नव्हतं. मी तिला पाठीशी घालते आहे असं मला वाटत होतं, आणि ती पोर मला पाठीशी घालत होती. तोंड उघडलं तर तेही बाहेर पडेल, म्हणून तिनं तोंडच उघडलं नाही. सगळ्यांना सारखं वागवायचं ठरवून मी एकीला सगळ्यांपेक्षा कमी ऐकलं होतं, आणि त्याची किंमत दुसरीच्या छातीनं मोजली.

मी हे सगळं तिथे, पिटुकलीच्या आईसमोर मोठ्यानं सांगितलं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आज मला काही बोलणं जमणार नाही. उद्या या. हिला घेऊन या."

घरी येताना टकळी सबंध वाट बोलत होती. कशाबद्दल, ते नीट कळत नव्हतं. झऱ्याबद्दल, कपाबद्दल, पिटुकली झोपेत कशी हसते त्याबद्दल, बाळाचं नाव काय ठेवायचं त्याबद्दल. रडत होती आणि बोलत होती. मी तिचा हात धरून चालत होते आणि मध्ये एक अक्षर बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मोठ्या बाईंना बाहीचं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, हे तुम्ही सांगितलं नसतं तरी कुणाला कळलं नसतं. मी म्हटलं, दोघींना कळलेलं होतं. टकळीला शाळेतून काढणार नाहीत, तेवढं त्यांनी कबूल केलं. माझं सोमवारी ठरेल. खरं सांगते, भीती वाटते. घरभाडं, तुझी पोर, सगळं डोळ्यांपुढे येतं. आणि नोकरी राहिलीच तर त्याहून जास्त भीती वाटते, कारण मग पुढच्या वर्षी पुन्हा बस दारात उभी राहील आणि पुन्हा कुणीतरी माझं मनगट धरेल.

संध्याकाळी आम्ही दवाखान्यात गेलो. पिटुकलीची आई बाहेर व्हरांड्यात बाकावर बसली होती. आम्हाला बघून हसल्या नाहीत. बाकावर शेजारी त्यांची पिशवी आणि पिटुकलीचे धुतलेले कपडे होते. ते त्यांनी उचलून मांडीवर घेतले आणि त्या जरा सरकल्या.

आम्ही दोघी बसलो.

तुझी बाई